बांबूचा कामठा: काठी निवडण्यापासून दोरी चढवण्यापर्यंत

बांबूच्या कामठ्याचं, म्हणजे धनुष्याचं, अर्धं काम बेटातच झालेलं असतं. बांबूच्या भिंतीत सालीकडे तंतू दाट असतात, पोकळीकडे जाताना ते विरळ होतात आणि त्यांच्यामध्ये मऊ गर वाढत जातो. धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. ताण सोसायला दाट तंतूच हवेत, म्हणून साल पाठीला आणि आतली बाजू पोटाला. त्या सालीला रंधा, कानस, पटाशी यांतलं काहीही लावायचं नाही. सगळी घडाई पोटावर आणि कडांवर होते. ही एक गोष्ट पाळली तर पहिला कामठा तुटण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि बहुतेक नवशिके नेमकी हीच मोडतात, कारण पेरांच्या उंचवटलेल्या गाठी डोळ्यांना खुपतात आणि त्या सपाट करायचा मोह होतो.

लाकडाचं धनुष्य करताना पाठीवर एकच वर्षवलय या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलून काढावं लागतं. मधे कुठे वलय कापलं गेलं की तिथूनच चिरफळी उठते. धामणीचं लाकूड लवचीक असतं, कुऱ्हाडीचे दांडे आणि कामठे दोन्हीला चालतं, पण सरळ रेषेचा, गाठी नसलेला तुकडा मिळवणं आणि वलय सोलणं हे शिकाऊ हाताचं काम नाही. सुरुवात बांबूनेच करावी. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचा कामठाही बांबूचाच, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या पातळ पट्टीची. देशातल्या स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ नावाचा जो प्रकार असतो, तोही बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्यावर खेळला जातो.

खाली दिलेली मापं अशा कामठ्याची आहेत: लांबी ६८ इंच (१७३ सेंमी), ओढ, म्हणजे मुठीपासून दोरी मागे येते ते अंतर, २६ इंच, आणि वजन, म्हणजे तेवढं ओढायला लागणारा जोर, ३० पाउंड (१३.६ किलो). मोठ्या माणसाला सराव करायला हे पुरतं. पहिल्याच खेपेला ५० पाउंडांच्या मागे लागू नका. जाड पट्टीतली चूक पातळ पट्टीतल्या चुकीपेक्षा जास्त महागात पडते. लांबी कमी करायचाही मोह टाळा. ओढीच्या अडीच पट लांबी ठेवली की बांबूवर जोर येत नाही, आणि ६८ इंच म्हणजे २६ इंचांच्या अडीच पटीहून थोडी जास्तच आहे.

काठी

महाराष्ट्रात दोन बांबू या कामाला सहज मिळतात. मानवेल हा पहिला: कोरड्या डोंगरउतारावर वाढलेला मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे पोटाकडे हवी तेवढी जाडी मिळते. दुसरा काटस, काटेरी आणि जाडजूड. बुंध्याकडचा भाग घेतला तर भिंत २५ मिमीहून जास्त जाड भरते आणि व्यास मोठा असल्यामुळे पट्टीची पाठ बरीचशी सपाट मिळते. हा सपाटपणा महत्त्वाचा आहे. १० सेंमी व्यासाच्या काठीतून ३८ मिमी रुंद पट्टी काढली तर पाठीचा फुगवटा साधारण पावणेचार मिमी येतो. ६ सेंमी व्यासाच्या काठीतून तोच पावणेसात मिमी होतो. फुगवटा जितका जास्त, तितका सगळा ताण मधल्या अरुंद शिरेवर येतो. म्हणून मानवेल घेतलात तर बेटातली सगळ्यात जाड काठी बघा आणि पट्टी ३२ मिमीपेक्षा रुंद काढायच्या फंदात पडू नका. पातळ भिंतीचा, शोभेचा पिवळा बांबू या कामाचा नाही.

वय तीन ते चार वर्षं. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढुरकी भुकटी आणि पेरांवर सुकी आवरणं चिकटलेली दिसतात. ती कोवळी, वाळल्यावर आकसून सुरकुतते. चार वर्षांच्या काठीचा हिरवा रंग मंदावलेला असतो, सालीवर करड्या ठिपक्यांचं शेवाळ धरलेलं असतं आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली तर टणटणीत आवाज येतो. फुलोरा येऊन गेलेल्या बेटाला हात लावू नका, ती काठी ठिसूळ होते. कुठेही किड्याचं भोक, उभी चीर किंवा घासलेली साल दिसली तर काठी कितीही सरळ असली तरी ती मांडवाला द्या.

तोड पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत. नवे कोंब वाढत असताना काठीत पिठूळ साखर भरपूर असते आणि भुंगेऱ्याला तीच हवी असते. अमावास्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही असं जुने लोक सांगतात. तिथी पाळा किंवा न पाळा, ऋतू मात्र पाळा.

काठी कुठून आणायची हेही बघावं लागतं. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावरच्या बेटातून काठी घेणं सोपं आहे. जंगलातली काठी मात्र परवानगीशिवाय तोडता येत नाही. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः बांबू विकतात; मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली वाहतूक परवाने मिळाले तेव्हापासून ही वाट मोकळी झाली. बुरुडांच्या वखारीतही चांगली काठी सापडते, फक्त ती कधी तोडली ते विचारून घ्या.

जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापा, म्हणजे उरलेल्या खुंटात पाणी साचत नाही. तिथून पुढचे सात फूट आपल्या कामाचे. बुंध्याकडच्या टोकाला खूण करून ठेवा, पुढे लागते.

चिरणं आणि वाळवणं

काठी ओली असतानाच चिरा. वाळल्यावर चिरायला गेलात तर ती फाटते आणि तुम्ही सांगाल तिकडे जात नाही. कोयता शेंड्याकडच्या टोकावर मधोमध ठेवून लाकडी मोगरीने ठोका. पहिल्या गाठीपर्यंत फट गेली की कोयता काढून फटीत पाचर घाला आणि हाताने दोन भाग ओढत न्या. फट मधूनच एका बाजूला सरकू लागते, एक भाग पातळ होत जातो. अशा वेळी कोयत्याने दाबून काही होत नाही. जाड भागाला जास्त वाकवा आणि पातळ भाग सरळ धरा: जो भाग जास्त वाकतो त्याच्याकडे फट वळते, आणि दोन-तीन पेरांत ती पुन्हा मध्यावर येते. टोपल्या विणणारे हे न बघता करतात. नव्या माणसाने एक काठी केवळ सरावासाठी फुकट घालवावी.

मोठ्या काटसाच्या चार फाळ्या करा, मानवेलाच्या दोन. प्रत्येक पट्टी ४५ मिमीच्या आसपास रुंद ठेवा. मानवेलात मिळेल तेवढी, पण ३२ मिमीच्या आत. आतले पेरांचे पडदे कोयत्याने मोठे मोठे उडवा, पण भिंतीच्या पातळीपर्यंत तासू नका. एका काठीतून निघालेल्या सगळ्या पट्ट्या जपून ठेवा. पहिली बिघडली तर दुसरी त्याच गुणाची हाताशी असते.

आता भुंग्याचा बंदोबस्त. वाहत्या ओढ्यात दोन-तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवलं की साखर बरीच धुऊन निघते. साचलेल्या पाण्यात मात्र डाग पडतात आणि वास येतो. ओढा नसेल तर एका लिटरला ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून पट्ट्या आठवडाभर बुडवा. हातमोजे घाला आणि ते पाणी गुराढोरांपासून लांब ठेवा.

नंतर सावलीत, वारा लागेल अशा जागी, पट्ट्या उभ्या किंवा रुळांवर आडव्या ठेवा. टोकांना मेण किंवा ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. उन्हात ठेवू नका. किती दिवस, हे कॅलेंडर नाही, काटा सांगतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी एक पट्टी तोला आणि वजन तिच्यावरच लिहा. सुरुवातीला आठवड्याला बरंच वजन कमी होतं. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की पट्टी हवेइतकी कोरडी झाली. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याकडे जाताना दोन-अडीच महिने पुरतात. कोकणात हवेतच ओल असते, तिथे शेवटची ओल काढायला पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या लांब पेटीत ६० वॅटचा साधा बल्ब लावून आठवडाभर पट्टी ठेवावी. पेटीला वर-खाली भोकं हवीत आणि बल्बपासून पट्टी निदान वीतभर लांब.

ओल्या पट्टीचं काय होतं? ती तुटत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. ओला कामठा छान वाकतो, वाकलेलाच राहतो, आणि दोरी उतरवल्यावर भाताच्या विळ्यासारखा दिसतो. मग त्यात दम राहत नाही.

सरळ करणं

वाळलेली पट्टी थोडी वाकडी असणारच. एका टोकाकडून डोळा लावून बघा: कडेकडेने गेलेला वाक काढायलाच हवा, पाठीकडे-पोटाकडे असलेला थोडा वाक चालतो. कोळशाच्या निखाऱ्यावर किंवा हीटगनने पोटाच्या बाजूने शेक द्या. पट्टी सतत सरकवत राहा. सालीवर तेलकट ओल सुटायला लागली की ती फडक्याने पुसा. हिरवा रंग गवती पिवळा होतो आणि बांबू हाताला नरम लागतो. तेवढ्यात पट्टी क्लॅम्पमध्ये किंवा झाडाच्या बेचक्यात सरळ दाबून धरा आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. कोमट असताना सोडली की ती परत जागेवर जाते. एका वेळी एकच पेर घ्या.

अख्खी, न चिरलेली काठी कधीही आगीवर धरू नका. बंद पेरातली हवा आणि वाफ तापून काठी बार उडावा तशी फुटते.

आखणी आणि मापं

पाठीवर मध्यरेषा काढायला पट्टी वापरू नका, दोन टोकांना दोरा ताणून बांधा आणि त्याच्या सावलीवरून पेन्सिल फिरवा. बांबू थोडासा सापासारखा असतो, त्यामुळे ही रेषा काठाशी समांतर येणार नाही. दोरी याच रेषेवरून जाणार आहे, काठावरून नाही.

१७३ सेंमी लांबी घेताना गाठी कुठे पडतात ते बघा. टोकापासून ५ सेंमीच्या आत गाठ नको, तिथे दोरीची खाच येते. मधोमध मुठीखाली गाठ आली तर बरंच. दोन्ही पात्यांवर (मुठीच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांवर) गाठी मध्यापासून साधारण सारख्या अंतरावर आल्या तर वाक जुळवणं सोपं जातं. नेमक्या सारख्या येत नाहीत आणि त्यावर अडून बसायची गरज नाही. बुंध्याकडची बाजू खालच्या पात्याला द्या.

रुंदी: मध्यापासून दोन्हीकडे ४३ सेंमीपर्यंत ३६ मिमी (मानवेल असेल तर ३०), तिथून टोकापर्यंत सरळ निमुळती होत १३ मिमी. मुठीच्या १० सेंमीत हाताला बसेल इतकी, २८ मिमीच्या आसपास, कडा थोड्या आत घ्या. कडांवर रंधा चालतो, पण गाठीशी तो अडकून तंतू उपटतो. गाठीच्या आजूबाजूला खरखरीत कानसच वापरा.

जाडी, सुरुवातीची: मुठीत १८ मिमी, मुठीच्या लगेच पुढे १५, पात्याच्या मध्यावर १३, टोकाशी ११. हे व्हर्नियरने मध्यरेषेवर मोजायचं. हे शेवटचं माप नाही, इथून पुढे हळूहळू खाली जायचं आहे. आणि किती हळू, ते एका हिशेबाने कळेल: रुंदी १० टक्के कमी केली तर ताठपणा १० टक्केच कमी होतो, पण जाडी १० टक्के कमी केली तर २७ टक्के. ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. १३ मिमीची पट्टी १२ मिमी झाली की पाचव्या भागाहून जास्त ताकद गेली. एक मिलिमीटर म्हणजे बोटाच्या जेमतेम दोन नखांची जाडी.

गाठीपाशी पोटावर अर्धा-एक मिमी जाडी जास्त ठेवा. तिथे तंतू सरळ जात नाहीत, वळणं घेतात, आणि दाबाखाली गाठ लगतच्या पेरापेक्षा आधी हार मानते. पाठीवरच्या गाठीची धार फार टोचत असेल तर १८० नंबरच्या घासायच्या कागदाने (सँडपेपरने) फक्त तिचं टोक मोडा. शेवटी सगळ्या कडा दोन-तीन मिमी गोल करा. चिरफळी नेहमी धारदार कडेवरूनच उठते.

दोरीची खाच टोकापासून दीड सेंमीवर, गोल कानसीने, फक्त दोन्ही कडांवर आणि पाठीकडून पोटाकडे तिरकी. खोली तीन मिमी पुरे. पाठीवरून आडवी खाच कधीच नाही. बांबू उभा चिरतो, त्यामुळे खाचेच्या खाली सेंटिमीटरभर सुती दोरा घट्ट गुंडाळून त्यात पातळ एपॉक्सी मुरवा.

वाक जुळवणं

खरा कामठा इथे होतो. यासाठी भिंतीला पाच फूट उंच फळी उभी ठोका. वरच्या टोकाला मूठ बसेल अशी खाच, तिच्यापासून खाली प्रत्येक इंचावर रेघ, आणि तळाशी एक कप्पी. कामठा वर ठेवायचा, दोरीला हूक लावून त्याची रस्सी कप्पीतून काढायची आणि सहा-सात फूट मागे उभं राहून ओढायची. हूक आणि दोरीच्या मधे सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा अडकवा. लांब उभं राहण्याची दोन कारणं: वाक नीट दिसतो, आणि कामठा तुटलाच तर तुकडा तोंडावर येत नाही. चष्मा तरीही घाला.

पहिली पायरी फळीशिवायची आहे. एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हातात धरा आणि मधोमध तळव्याने हलकेच दाबा. पातं वाकतंय का, कुठून वाकतंय, ते हाताला कळतं. दोन्ही पाती साधारण सारखी लागेपर्यंत पोट खरवडा.

मग फळीवर, कामठ्यापेक्षा थोडी लांब अशी सैल दोरी लावून. टोकं १५ सेंमी खाली येईपर्यंत ओढा. मागे उभे राहून बघा. कुठे ताठ आहे तिथे पेन्सिलने खूण करा, उतरवा, खूण केलेल्या जागेवर वीस-पंचवीस हात खरवडा, परत चढवा आणि कामठा वीस-तीस वेळा अर्धवट ओढून सोडा. ही शेवटची कृती लोक गाळतात. बांबूला नवी जाडी ‘कळायला’ तेवढं वाकवावं लागतं. न वाकवता खरवडत राहिलात की बदल उशिरा दिसतो आणि तोवर जास्त उतरलेलं असतं.

खरवडायला फुटलेल्या काचेची सरळ धार किंवा हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा उत्तम. पोटावरून लांब, टोकाकडे जाणारे हात मारा. जागच्या जागी घासलं की तिथे खळगा होतो.

नजर फसते, म्हणून एक साधं माप करून घ्या. १५ सेंमी लांबीची सरळ लाकडी चिप घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवा. कामठा थोडा ओढलेल्या स्थितीत फळीवर अडकवून ही चिप पोटावर ठेवा. पोट आत वळलेलं असल्यामुळे चिपची दोन टोकं टेकतात आणि मधे फट राहते. जिथे वाक सर्वांत जास्त आहे तिथे पेन्सिल जेमतेम टेकू नये इतकी बाहेर काढा. आता चिप पूर्ण पात्यावरून सरकवा. जिथे वाक कमी, तिथे फट कमी, तिथे पेन्सिल आपोआप रेघ ओढते. रेघ आली तिथेच खरवडायचं. रेघ नाही तिथे हात लावायचा नाही. मुठीजवळच्या ८-१० सेंमीत आणि टोकांकडच्या शेवटच्या १५ सेंमीत रेघ आली तर तशीच राहू द्या, तिथे थोडा ताठपणा हवाच असतो.

दोन्ही पात्यांचा वाक सारखा झाला की छोटी दोरी: आधी मुठीपासून दोरीचं अंतर ७-८ सेंमी, मग १५ सेंमी. मूठ बांधून अंगठा उभा केला की जेवढं अंतर होतं तेवढं. आता एकेक इंच पुढे. नियम एकच: काटा कधीही १३.६ किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही. १८ इंचांवरच तो आकडा आला तर तिथेच थांबा, उतरवा, खरवडा. “बघू तरी किती ओढला जातो” म्हणून पुढे ओढलात की पोट कायमचं दबतं. जुळत आलेला कामठा १६ इंचांवर सात-साडेसात किलो दाखवतो आणि पुढे इंचाला साधारण सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम चढतो. तेविसाव्या-चोविसाव्या इंचावर आकडा एकदम उडी मारू लागला तर लांबी कमी पडतेय किंवा टोकं फार ताठ आहेत. २४ इंचांपर्यंत जुळल्यावर काच बाजूला ठेवा आणि पुढचं १२० नंबरच्या कागदाने उतरवा.

शेवटी व्हर्नियर लावून बघितलंत तर दोन्ही पात्यांची जाडी वेगळी निघेल, बऱ्याचदा शेंड्याकडचं पातं अर्ध्या-पाऊण मिमीने जाड किंवा पातळ. ते तसंच असू द्या. जाडी सारखी नको, वाक सारखा हवा.

काय बिघडतं

एका जागी कोपरा मोडल्यासारखा वाक दिसला, तर तिथलं पोट जास्त उतरलं आहे. तिथे काही करू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि दुसऱ्या पात्यालाही तेवढंच उतरवा. वजन थोडं कमी होईल. ते मान्य करा.

पोटावर नखाने ओढल्यासारख्या आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तर तंतू दाबाखाली चिरडले गेले. हे बहुतेक वेळा गाठीशेजारी किंवा मऊ गर राहिलेल्या जागी होतं. सुरुवातीलाच आतला पांढुरका मऊ थर पूर्ण काढला असेल तर ही वेळ क्वचित येते. एक-दोन सुरकुत्या असतील तर आजूबाजूचं पोट थोडं उतरवून कामठा चालतो, पट्टाभर असतील तर दुसरी पट्टी घ्या.

पाठीवर केसासारखी चिरफळी उठली तर पातळ इन्स्टंट ग्लू सोडून दाबा, वर तीन-चार सेंमी रेशमी किंवा पॉलिस्टर दोरा गुंडाळा. आडवी चीर असेल तर मात्र तो कामठा भिंतीवर टांगा, ओढू नका.

पातं पिळवटून दोरी एका बाजूला सरकत असेल तर पोटाच्या दोन्ही कडांची जाडी मोजा. एक कड जाड निघेल, तीच उतरवा. उरलेला किंचित दोष खाच एका बाजूला थोडी खोल करून निघतो.

दोरी उतरवल्यावर टोकं मूळ रेषेपासून तीन-चार सेंमी पोटाकडे वळलेली राहिली तर ठीक आहे. सहाच्या वर गेली तर बांबू ओला होता किंवा घाई झाली. अशा कामठ्याला पोटाच्या बाजूने पुन्हा शेक देता येतो: पाठीला उष्णता न लागू देता पोट गडद बदामी रंगाचं होईपर्यंत, पट्टी किंचित उलटी वाकवून बांधलेली असताना. त्याने पोट कडक होतं आणि वजनही थोडं वाढतं. पण शेकल्यावर तीन-चार दिवस दोरी चढवू नका. शेकलेला बांबू हाडासारखा कोरडा असतो आणि हवेतली ओल परत घेईपर्यंत काचेसारखा तुटतो.

वजन २४-२५ पाउंडांवरच आलं तर दोन्ही टोकं अडीच-अडीच सेंमी कापा, नव्या खाचा करा. दोन-तीन पाउंड वाढतात.

दोरी

नायलॉन नको, ते ताणतं आणि धक्का खात नाही. पॉलिस्टर घ्या, धनुष्याच्या दोरीसाठी मिळणारा ‘बी-५०’ हा धागा सुमारे ५० पाउंड पेलतो. दोरीची ताकद ओढीच्या चौपट हवी असा हिशेब, म्हणजे तीन धागेही पुरतील, पण तेवढी बारीक दोरी बोटांना कापते आणि बाणाची खाच तिच्यावर बसत नाही. १२ धागे घ्या. अजिबात न ताणणारे आधुनिक धागे बांबूच्या खाचा चिरतात, ते कंपाउंडवाल्यांसाठी (कप्प्यांची आधुनिक धनुष्यं वापरणाऱ्यांसाठी) सोडा.

२२० सेंमीचे १२ धागे, सहा-सहाचे दोन पेड, शक्यतो दोन रंगांचे. एका टोकाकडचे ३० सेंमी मधमाश्यांच्या मेणाने चोळा. टोकापासून २० सेंमीवर धरून, लांबचा पेड स्वतःपासून दूर पिळायचा आणि आपल्याकडे आणून दुसऱ्यावर टाकायचा. आता जो लांब आहे त्याला तेच. नऊ सेंमी वळलं की ते वळवून फासा करा, शेपट्या आपापल्या रंगाच्या पेडात मिसळा आणि शेपट्या संपेपर्यंत वळत राहा. दुसऱ्या टोकाला फासा करू नका. खाचेभोवती दोरी फिरवून, टोक मूळ दोरीखालून काढून स्वतःवरच तीन वेळा गुंडाळा. ताण आला की ही गाठ आपोआप आवळते आणि लांबी हवी तशी बदलता येते. तयार दोरी खाच-ते-खाच अंतरापेक्षा सात-आठ सेंमी आखूड. पहिल्या दिवशी ती ताणून सैल होईल, पीळ वाढवून परत १५ सेंमीवर आणा. मधोमध १५ सेंमी जाड दोऱ्याने गुंडाळा.

शेवटचा हात आणि वापर

२२० आणि ४०० नंबरचा कागद पोटाला आणि कडांना, मग जवसाच्या तेलाचे चार हात, प्रत्येक हाताआड एक दिवस. कोकणात राहत असाल तर तेलावर भागत नाही, वर पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात द्या. मुठीला सुती दोरी गुंडाळा आणि बाण घासतो तिथे चामड्याचा छोटा तुकडा चिकटवा.

बाण २० ग्रॅमपेक्षा हलका नको. ३० पाउंडांच्या धनुष्याला पाउंडामागे १० ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं बारीक एकक) या हिशेबाने ३०० ग्रेन होतात, ते एवढेच भरतात. हलका बाण ताकद पूर्ण घेत नाही, उरलेला धक्का कामठ्यातच राहतो. बाण न लावता दोरी सोडणं हा त्याचाच शेवटचा प्रकार, आणि पाहायला आलेला प्रत्येक पाहुणा नेमकं तेच करतो. कामठा हातात देण्याआधी सांगा. शिकारीचं कुणी विचारलं तर १९७२चा वन्यजीव कायदा आहे, हेही.

पहिले शंभर बाण २२ इंचांपर्यंतच ओढून मारा, मग २६ वर जा. नेम लावून ओढलेला कामठा तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. खेळ संपला की दोरी उतरवा, आणि कामठा खुंटीवर आडवा, दोन ठिकाणी आधार देऊन ठेवा. कोपऱ्यात उभा टेकवून ठेवला तर खालचं पातं पिळतं. जूनमध्ये त्याच लटकत्या काट्यावर २६ इंचांचं वजन घ्या आणि ऑगस्टमध्ये परत. दोन-तीन पाउंड कमी दिसले तर ती हवेतली ओल आहे, दिवाळीपर्यंत बहुतेक परत येतं. त्याहून जास्त कमी दिसले तर पावसाळाभर कामठा बल्बच्या पेटीशेजारी ठेवा आणि ओढू नका.